रुमालाचा भाव

जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून घाईनं जायचं असेल तर भाजी मंडईची बाजू धरावी. पुस्तकांच्या दुकानांकडून गेलात की अडकलात. शाळेची यादी हातात घेतलेल्या आया, खाकी कव्हरांचे गठ्ठे आणि त्या गर्दीत मधूनच स्पर्धा परीक्षेची पोरं. ग्रोवर-बेल्हेकरांच्या जाडजूड पुस्तकावर सूट किती, यावर काउंटरला घासाघीस चाललेली असते. शहरात इतिहासाला रोखीचं गिऱ्हाईक असलेली ही एवढीच जागा, असं मी एका ओळखीच्या दुकानदाराला चिडवते. तो म्हणतो, "मॅडम, त्यांना इतिहास नको असतो, तहसीलदारकी पाहिजे असते."

२०२५ च्या जूनमध्ये त्याच गर्दीत धाकटा भाऊ भेटला. बरोबर पुतणी, बारावी झालेली, हातात कॉलेजचं माहितीपत्रक. भावानं भर रस्त्यात गाठलं. "ताई, ही इतिहास घेते म्हणायलीय. तू तर एम.ए. केलंस. आता हिच्यासमोर खरं खरं सांग, आजवर त्याचे किती आले?"

"किती म्हणजे?"

"रुपये. रुपयेच विचारायलोय मी."

पुतणी माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी म्हणलं, हिशेब करून सांगते. वेळ मारून न्यायची होती हे खरं, पण हिशेबही एकदा करायचाच होता. रात्री माळ्यावरची अण्णांची ट्रंक काढली. माझी इतिहासाची कमाई माझ्या एम.ए.पासून सुरू होत नाही, अण्णांच्या वहीपासून होते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, अर्जनवीस होते. जन्म पैठण तालुक्यातल्या खेड्यात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारखेपुढं ‘खुर्दाद १३४३’ लिहिलंय. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा आणि महिन्यांची नावं इराणी. आजूर, दै, बहमन यांपैकी महिना असेल तर सनात ५९० मिळवायचे, पुढचा कुठला असेल तर ५९१. म्हणजे अण्णांचा जन्म १९३४ च्या एप्रिलच्या आसपासचा. हा हिशेब मी तेराच्या पाढ्याआधी शिकले. त्यांची शाळा उर्दूतली. आधी मदरसा तहतानिया, म्हणजे प्राथमिक, मग वस्तानिया, म्हणजे मधली शाळा. घरात मराठी, वर्गात उर्दू आणि संध्याकाळी गावच्या कुलकर्ण्यांच्या ओसरीवर मोडी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. "आमची सगळी विद्या एका दिवसात मोडीत निघाली," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. हा त्यांचा ठरलेला विनोद होता.

त्या विद्येला त्याआधी केवढा भाव होता, हे बघायला औरंगपुऱ्याहून फार लांब जावं लागत नाही. किलेअर्कात आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. ते सुरू झालं १९२३ साली, उस्मानिया विद्यापीठाचं इंटरमीजिएट कॉलेज म्हणून. निजामाच्या दरबारात फारसी जाऊन उर्दू आली १८८४ साली, आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते वरपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूतून देणारं. इतिहास, रसायन, कायदा, सगळ्यांची पुस्तकं उर्दूत आणायला हैदराबादेत सरकारनं भाषांतराचं वेगळं खातं उघडलं होतं. औरंगाबादच्या कॉलेजचे एक प्राचार्य म्हणजे मौलवी अब्दुल हक, ज्यांना उर्दूवाले आजही बाबा-ए-उर्दू म्हणतात. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसाराच्या संस्थेचं मुख्य ठाणं कितीतरी वर्षं याच शहरात होतं. त्यात १९१९ च्या फर्मानानं मुल्की लोकांनाच, म्हणजे संस्थानातल्या रहिवाशांनाच, सरकारी नोकरी असं ठरलं. मुल्की असणं आणि उर्दूतली पदवी, दोन्ही जुळलं की कचेरीत खुर्ची. त्या काळात औरंगपुऱ्यातली सरस्वती भुवन ही १९१५ सालची मराठी शाळा होती. तिथं पोराला घालणाऱ्या बापाला सरकारी खुर्चीचा हिशेब नक्कीच वेगळा करावा लागत असणार.

किलेअर्काची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हा मूळचा औरंगजेबाचा राजवाडा. शाहजहान-औरंगजेबाच्या वेळचं मोगलांचं दख्खनी दफ्तर इथं पडून होतं. ते १९१६ साली हैदराबादला नेलं. दीड लाखावर कागद आहेत, आज तेलंगणाच्या अभिलेखागारात. म्हणजे कागद आधी गेले आणि इतिहास शिकवणारं कॉलेज सात वर्षांनी आलं.

१९४८ नंतर वारं फिरलं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. कचेऱ्यांतली उर्दू हळूहळू गेली. लोकांनी उर्दूची पुस्तकं रद्दीत घातली, पण जमिनी उर्दूतच राहिल्या.

अण्णांचं पोट याच एका गोष्टीवर भरलं. १९५२ साली हैदराबाद अतियात चौकशी कायदा आणि १९५४ साली इनामं रद्द करणारा कायदा आला. मशिदीची खिदमत, देवळाचं दिवाबत्ती इनाम, मदतमाश, जे काही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, त्या प्रत्येकासाठी आता कागद दाखवणं भाग होतं. घराघरांतून मुंतखब बाहेर निघाले. मुंतखब म्हणजे निजामाच्या वेळी इनामाची चौकशी होऊन मिळालेला निवाड्याचा कागद. ज्यांच्या पेटीत तो होता, त्यांना तो वाचता येत नव्हता. अण्णा १९५५ च्या सुमारास शहरात आले, औरंगपुऱ्याच्या एका बोळात खोली घेतली आणि कचेरीबाहेर लिंबाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसायला लागले. वहीतली पहिली नोंद १९५६ ची आहे: ‘मुंतखब १, वाचून तर्जुमा, १ रु. ८ आणे’. त्याखाली ‘वाचणावळ ४ आणे बाकी’. लिहिणावळ सगळ्यांना माहीत असते, वाचणावळ हा अण्णांचा शब्द. पुढं आण्याचे नवे पैसे होतात, अक्षर थोडं थरथरतं, पण खाती तीच: तर्जुमा, नक्कल, वाचणावळ.

लहानपणी डबा घेऊन गेले की मी तिथंच बसायचे. शेतकरी यायचा, धोतराच्या सोग्यातून किंवा पिशवीतून रुमाल काढायचा. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवतात ते कापड आणि त्यातलं सगळं दफ्तर, दोन्हींना रुमालच म्हणतात. गाठ सोडताना तो माणूस इकडंतिकडं बघायचा. अण्णा कागद लगेच हातात घ्यायचे नाहीत. आधी हात धोतराला पुसायचे, मग कागद उजेडाकडं धरायचे, मोहर बघायचे, सन बघायचा. मजकुराकडं सगळ्यात शेवटी. एकदा विचारलं तर म्हणाले, "मजकूर कुणीबी लिहील गं. सन चुकतो." हे वाक्य मला पुढं विद्यापीठात दोन वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नाही.

त्यांचा आणखी एक शब्द घरात रुळला. निजामाचा रुपया वेगळा होता, त्याला हाली सिक्का म्हणायचे. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. हाली संस्थानाच्या हद्दीत मजेत चालायचा, बाहेर पाऊल टाकलं की बट्टा. कुणाचा पोरगा काय शिकला हे कळलं की अण्णा विचारायचे, "हाली का कलदार?" भावानं पॉलिटेक्निकला डिप्लोमा घेतला, वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली उभा राहिला होता आणि त्याच्या मागं सगळी एमआयडीसी वाढत होती, तेव्हा अण्णा म्हणाले, कलदार. मी इतिहास घेतला तेव्हा काही म्हणाले नाहीत. मला उर्दूसाठी जिल्द बांधलेली वही आणून दिली.

मी बी.ए. झाले १९९३ ला, एम.ए. १९९५ ला. दोन्ही पदव्या एकाच विद्यापीठाच्या, पण पहिलीवर ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे आणि दुसरीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’, कारण मध्ये १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या नावासाठी पंधरा-सोळा वर्षं माणसं मार खात होती, घरं जळत होती. माझ्या पदवीच्या कागदाची किंमत काढताना हेही ध्यानात ठेवावं लागतं. ज्या विद्यापीठात मी फुकटात म्हणावं इतक्या फीवर शिकले, तेच मुळी भांडून मिळालेलं. १९५० साली बाबासाहेबांनी इथं मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५८ च्या २३ ऑगस्टला विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी पदवी मिळायची ती हैदराबादच्या विद्यापीठाची. आणि १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर उतरली ती शिकूनही नोकऱ्या नाहीत म्हणूनच. वसमतला गोळीबार झाला. मी तेव्हा दोन वर्षांची होते. ‘पदवीचं करायचं काय’ हा भावाचा प्रश्न आहे असं त्याला वाटतं, पण मराठवाडा तो पन्नास वर्षं विचारतोय.

एम.ए. नंतर मी तासिका तत्त्वावर शिकवलं, अकरा वर्षं, तीन कॉलेजांत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेचे नाहीत, आणि बिल निघतं ते वर्ष संपल्यावर. एका संस्थेत कायम जागा निघाली. मुलाखत चांगली झाली. नंतर एक गृहस्थ घरी आले, चहा घेतला, इमारतनिधीचा विषय काढला आणि आकडा सांगितला. अण्णांनी तो आकडा त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला, ऐकू आला नाही असं दाखवून. मग म्हणाले, "एवढ्यात तर आम्ही संस्थाच काढू." विषय संपला, जागाही संपली.

मधल्या वर्षांत औरंगपुऱ्यातल्या एका क्लासला स्पर्धा परीक्षेचा इतिहास शिकवला. तिथं पैसा रोख आणि महिन्याच्या महिन्याला. पण तिथला इतिहास म्हणजे सनावळीचा भात. माझ्या बरोबरीच्यांपैकी काही बी.एड. करून शाळांत लागले. दोघं-तिघं अजिंठा-वेरुळला गाइड झाले. त्यातल्या ज्यानं जपानी शिकून घेतली त्याचं बरं चाललं. इथंही पैसा भाषेनं आणला, पदवीनं नाही.

मोठ्यांचंही फार वेगळं नव्हतं. सेतुमाधवराव पगडी आपल्याच निलंग्याचे, जन्म १९१०. फारसी कागदांवरून मोगल-मराठे संबंध ज्यांनी मराठी वाचकाला उलगडून दाखवले, ते आयुष्यभर सरकारी अधिकारी होते. पद्मभूषण मिळालं १९९२ साली, इतिहासाबद्दल. पोट भरलं नोकरीनं. राजवाड्यांनी तर मास्तरकीही सोडली, गावोगाव हिंडून रुमाल गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून बावीस खंड छापले आणि राहिले फाटकेच. मी या दोघांच्या पासंगालाही नाही, पण भावाला मी त्यांची नावं सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे त्यांनाबी नाही मिळालं?" मला उलट वाटलं होतं की हे ऐकून तो गप्प बसेल.

२००३ पासून अण्णांना डोळे साथ देईनात, आणि त्यांची गिऱ्हाइकं आपोआप माझ्याकडं यायला लागली. वकिलांची माणसं, वक्फच्या जमिनीचे दावे, वाटण्या. उर्दू मी त्यांच्याकडून शिकलेच होते. मोडीही त्यांच्याचकडून. मोडीचा जन्म इथलाच मानतात, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर ती लावली जाते. पुरावा म्हणाल तर तसा हाताशी नाही, पण दौलताबादचा किल्ला खिडकीतून दिसणाऱ्या शहरात ही गोष्ट कोण सोडेल? वाचायला शिकणाऱ्याची पहिली अडचण अक्षराची नसतेच. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि अक्षरं तिला लटकवत जायचं, बोरू न उचलता. शब्द कुठं तुटतो ते तुम्ही ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यामुळं नवशिक्या माणूस अक्षरन्‌अक्षर बरोबर वाचतो आणि अर्थ भलताच लावतो. लोक मला हमखास ‘ध चा मा’ विचारतात. नारायणरावाच्या खुनाचा तो कागद आजवर कुणाला सापडलेला नाही, एवढंच सांगते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो.

आणि मग २०२३ चा सप्टेंबर आला. मराठा आरक्षणासाठीचं अंतरवाली सराटीचं उपोषण, त्यावरचा लाठीमार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली: मराठवाड्यात निजामकाळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, शाळेचे प्रवेश निर्गम, सगळं उघडायचं. आणि उघडल्यावर कळलं की वाचणारं कुणी नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. तीस वर्षांत माझा फोन जेवढा वाजला नव्हता तेवढा त्या दोन महिन्यांत वाजला.

मी एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात सात आठवडे बसले. कोण कुणबी, कोण मराठा, आरक्षण कुणाला, या वादात मी पडत नाही. माझ्यापुढं होती अक्षरं. तोंडाला मास्क, नाकाला वाळवीच्या मातीचा वास, पायाशी सोडलेले रुमाल. मोडीतली नोंद त्या मानानं सोपी. ‘कुणबि’ काय आणि ‘कुणबी’ काय, मोडीला सारखंच. खरी कसोटी शिकस्ता उर्दूत. शिकस्ता म्हणजे घाईची, मोडकी लिपी, कारकुनानं नुक्ते द्यायचा कंटाळा केलेली. ‘कुनबी’ उर्दूत लिहिताना काफ, नून, बे, ये. मधले नून आणि बे हे दोन्ही नुसते दात, फरक काय तो नुक्त्याचा: वर असेल तर न, खाली असेल तर ब. नुक्तेच नसतील तर एकापुढं एक दोन दात, आणि दुसरंच नाव तिथं बसू शकतं. मी एका ओळीवर सव्वा तास घालवल्याचं आठवतं. शेवटी त्याच कारकुनाच्या हातची आणखी चार पानं काढली, तो दुसरीकडं ‘बे’ कसा ओढतो ते बघितलं आणि मग नोंद केली. बाहेर व्हरांड्यात माणसं बसलेली. कुणी तरी चहा आणून द्यायचं आणि कागदाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. एका ठिकाणी जातीच्या रकान्यावर पिवळा लेप दिसला. हरताळ. चुकलेलं अक्षर बुजवायला पूर्वी तोच फासत. ‘हरताळ फासणे’ इतक्यांदा लिहिलं-बोललं असेल मी, पण बोटाला लागला तो त्या दिवशी. खाली काय होतं ते वाचता आलं नाही. ‘अवाच्य’ असं लिहिलं आणि पुढं गेले. व्हरांड्यातल्या त्या माणसाला ते कसं सांगायचं, हे मला कुठल्याच कोर्सनं शिकवलं नव्हतं.

बाकी महाराष्ट्रात नोंदी लाखांनी सापडल्या, मराठवाड्यात हजारांनी. मानधन कबूल केलं होतं तेवढं मिळालं, आठ महिन्यांनी.

या धंद्याची एक खोडही त्या काळात पुन्हा दिसली. कागदाला किंमत आली की कागद तयार व्हायला लागतात. तिकडं इंग्रजी मुलखात १८५२ च्या इनाम कमिशनच्या वेळी हेच झालं होतं, खोट्या सनदा निघाल्या होत्या. माझ्याकडं एक गृहस्थ फारसी सनद घेऊन आले. कागद तपकिरी, कडा जळक्या, मोहरही झकास. मलिक अंबरानं आमच्या पूर्वजाला औरंगाबादेत जमीन दिली, असा मजकूर. मी अण्णांसारखा आधी सन बघितला. मलिक अंबर वारला १६२६ ला. त्यानं १६१० मध्ये वसवलेल्या गावाचं नाव होतं खडकी. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, ते केलं फतेहनगर. औरंगाबाद हे नाव आलं १६५३ ला. आता २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. ज्या शहरानं चार नावं घेतली, तिथं खोटा कागद लिहिणाऱ्यानं जरा अभ्यास करायला पाहिजे. मी तसं म्हणलं. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नाव दुरुस्त करून आणतो." मी वाचणावळ घेतली आणि त्यांना जिना दाखवला.

तर हिशेब. तासिका, अकरा वर्षं: तीन लाख चाळीस हजार. क्लास, सहा वर्षं: चार लाख वीस. वाचणावळ, तर्जुमे, २००३ पासून: पाच लाख तीस. २०२३ चं काम: एक लाख दहा. एकूण चौदा लाख रुपये, तीस वर्षांत. महिन्याला चार हजारही नाहीत. नवऱ्याची नोकरी नसती तर मी हा लेख लिहायला बसले नसते, कुठं तरी काउंटरला बसले असते. भावाला त्याच्या कंपनीनं बावन्नाव्या वर्षी व्हीआरएस दिली, ती एकच रक्कम माझ्या तीस वर्षांहून मोठी. कलदार तो कलदार.

दुसऱ्या दिवशी हे सगळं कागदावर मांडून दोघांपुढं ठेवलं. भाऊ आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. पुतणी वहीची पानं उलटत होती. तिनं विचारलं, "आत्या, यातले एम.ए.चे किती आणि आजोबांचे किती?"

बरोबर जागी बोट ठेवलं पोरीनं. तासिकेचे आणि क्लासचे सात लाख साठ हजार पदवीचे. बाकी सहा लाख चाळीस हजार दोन लिप्यांचे, आणि त्या मला वस्तानियापर्यंत शिकलेल्या माणसानं लिंबाखाली शिकवल्या. पदवीचं येणं २०११ ला बंद झालं. लिप्यांचं अजून येतं. १९५४ च्या कायद्यानंतर आलं, २०२३ ला आलं. सरकार जेव्हा जेव्हा विचारतं की तू कोण आणि ही जमीन तुझी कशावरून, तेव्हा तेव्हा येतं. मधली वर्षं तशी कोरडीच. मी तिला म्हणलं, घे इतिहास, पण नुसता घेऊ नको. मोडी घे, उर्दू घे, फारसी जमली तर सोन्याहून पिवळं. आणि बी.एड.चंही बघून ठेव, वाळवीच्या भरवशावर संसार होत नाही.

तिनं बी.ए.ला इतिहास घेतलाय. संध्याकाळी माझ्याकडं येते, अलिफ-बे झालं, आता नुक्त्यांशी झगडतेय. २०२५ च्या सप्टेंबरच्या २ तारखेला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला आणि माझा फोन परत वाजायला लागला. भाऊ एकदा तिला सोडायला आला होता. व्हरांड्यात तीन माणसं बसलेली बघून हळूच म्हणाला, "ताई, पानाला किती घेतीस आता?"

जाता जाता वाचकांना एक विनंती. घरात जुना रुमाल असेल तर त्यातल्या कागदांना कृपा करून लॅमिनेशन करू नका. देवाच्या आरतीचा कागद करतात तसे लोक मुंतखब लॅमिनेट करून आणतात. वर चकाकी आणि आत शाई उतरलेली, परत काढताही येत नाही. सेलोटेपही लावू नका. सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा, रद्दीत घालू नका. आणि वाचून पाहिजे असेल तर औरंगपुऱ्यात या, संध्याकाळी सहानंतर. वाचणावळ पडेल.